आधी अधिकार लिहा, मग राजा हटवा

संपादक महोदय,

ब्रिटनचा राजा आजही ज्यांचा राष्ट्रप्रमुख आहे, त्या देशांनी प्रजासत्ताक व्हावे का, या वादावरची पत्रे वाचते आहे. बहुतेकांचा रोख खर्चावर आहे. मला तो मुद्दा फुटकळ वाटतो. राष्ट्रपतींनाही भवन आणि घोडेस्वार लागतातच. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत आले, त्यामुळे जन्माने मिळणारे पद लोकशाहीत नको, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न पुढचा आहे. राजाच्या नावाने वापरले जाणारे अधिकार उद्या कोणाकडे जाणार, आणि किती?

११ नोव्हेंबर १९७५ रोजी ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल, म्हणजे ब्रिटनच्या राणीचे तिथले प्रतिनिधी, जॉन कर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केले. कनिष्ठ सभागृहात व्हिटलम यांचे बहुमत होते. सेनेटने खर्चाची मंजुरी अडवून धरली होती. गंमत म्हणजे कर यांची नेमणूक व्हिटलम यांच्याच शिफारशीने झालेली, आणि त्यांनी हे पाऊल राणीला आधी न कळवताच उचलले. राणीच्या जागी राष्ट्रपती असता आणि अधिकार असेच मोघम राहिले असते, तर सरकार वाचले असते का? मला नाही वाटत.

६ नोव्हेंबर १९९९ च्या सार्वमतात तिथे प्रजासत्ताकाचा प्रस्ताव पडला. सहाही राज्यांत, सुमारे ५५ टक्के मते विरोधात. राणीवरचे प्रेम उतू गेले, एवढेच त्याचे कारण नव्हते. राष्ट्रपती संसदेने दोन तृतीयांश बहुमताने नेमावा, असा तो प्रस्ताव होता. थेट निवडणूक हवी असलेले कित्येक प्रजासत्ताकवादीच विरोधात गेले. त्यांचा राग समजतो. पण देशभरातून मते मिळवून आलेला राष्ट्रपती पंतप्रधानाचे का म्हणून ऐकेल?

बार्बाडोसने सार्वमताच्या भानगडीत न पडता संसदेत घटनादुरुस्ती केली. ३० नोव्हेंबर २०२१ पासून कालच्या गव्हर्नर जनरल सँड्रा मेसन राष्ट्रपती झाल्या. नवी घटना मागाहून. दारावरची पाटी आधी बदलली, घराची दुरुस्ती राहिली. उलट स्वीडनने राजा ठेवला, पण १९७४ च्या घटनेने पंतप्रधान ठरवण्यातला त्याचा हात काढून घेतला. नाव आता संसदेचे सभापती सुचवतात.

आपण घटना आधी लिहिली आणि २६ जानेवारी १९५० ला सहाव्या जॉर्जचा निरोप घेतला. तरी मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे का, हा प्रश्न खुद्द राजेंद्रप्रसादांनी १९६० मध्ये जाहीरपणे काढला होता. तो आहे, हे घटनेत स्पष्ट शब्दांत यायला १९७६ ची ४२वी दुरुस्ती उजाडावी लागली. इतका काथ्याकूट करून बनवलेल्या घटनेची ही कथा.

म्हणून ऑस्ट्रेलियात पुन्हा सार्वमत झालेच, तर बहुमतातले सरकार राष्ट्रप्रमुख कधी बडतर्फ करू शकतो किंवा करूच शकत नाही, आणि खुद्द त्याला कोण हटवणार, याचा मसुदा आधी मतदारांच्या हाती पडावा. त्याशिवाय कौल मागितला, तर प्रजासत्ताकवादी असूनही माझे मत विरोधातच गेले असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका