भंगारात घालायच्या आधी एकदा उस्तादला दाखवा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात जुन्या गाड्या स्क्रॅपला देण्याबद्दल बातमी होती. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून गेल्याच पाहिजेत, त्यात वादच नाही. पण मी जालन्याचा माणूस, आमच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करायच्या भट्ट्या रात्रंदिवस चालू असतात, कुठून कुठून भंगाराचे ट्रक येतात, आणि त्या ट्रकांतून काय काय जातंय ते मी डोळ्यांनी बघतो, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या मामांचा वाडा अंबडला. मामांनी १९६९ साली सिकंदराबादच्या एका रिटायर फौजी साहेबाकडून एक एमजीए गाडी घेतली होती, दोन सीटची, कापडी टपाची, लाल. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावचा कारखाना. १९५५ ते १९६२ एवढ्या काळात ह्या एमजीए एक लाखाच्या वर बनल्या आणि बहुतेक सगळ्या परदेशी गेल्या, सगळ्यात जास्त अमेरिकेत. दाराला बाहेरून हँडलच नाही, आत हात घालून दोरी ओढायची मग दार उघडतं, लहानपणी आम्हा भाच्यांना त्याचंच लई अप्रूप होतं. १९८४ ला मामांनी कलर करायचा म्हणून गाडी पूर्ण खोलली, त्याच साली मामी आजारी पडल्या, मग ते राहिलं ते राहिलंच.

२०१९ ला मामा गेले. तेराव्यानंतर वाड्यात सगळे बसलेलो, भंगारवाला दारात उभा, त्यानं किलोचा भाव सांगितला आणि मामेभाऊ हो म्हणायच्या बेतात होता. मी म्हणलं मला दे. दोन टेम्पो लागले आणायला. एकात नुसता सांगाडा आणि बॉडी, दुसऱ्यात डालडाचे डबे नि पोती. मामांनी प्रत्येक डब्यात चिठ्ठी टाकलेली होती कुठला बोल्ट कुठला म्हणून, पण निम्म्या उंदरांनी खाल्लेल्या आणि उरलेल्यांची शाई उडालेली. एक चिठ्ठी तेवढी स्वच्छ वाचता आली, "डावं दार, वरचा बिजागर, वायसर विसरू नये." ती अजून माझ्या पाकिटात आहे.

जो येईल तो सांगायचा की मारुतीचं इंजिन बसव नि मोकळा हो, इंग्रजांच्या गाडीचे पार्ट कुठं मिळणार. वर्षभर मला पण तसंच वाटत होतं. मग कुणीतरी आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींचं नाव काढलं. वय ७६, सगळे उस्ताद म्हणतात, अख्खा जन्म अँबेसिडर करण्यात गेला, सरकारी, टॅक्सीच्या, डॉक्टर लोकांच्या. गुडघे गेले म्हणून गॅरेज बंद केलंय. त्यांना रिक्षातून घेऊन आलो, खुर्ची दिली, पण ते खुर्चीवर बसलेच नाहीत, सरळ इंजिनापाशी गेले, बाजूच्या पत्र्याच्या झाकणावरची धूळ बोटानं पुसली आणि म्हणले, "ये तो अपनीच मशीन है जी. अंबेसडरवाली."

आणि खरंच तसं आहे. अँबेसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण तिच्यात जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन वर्षानुवर्षं आलं तेच बीएमसी ह्या इंग्लंडच्या कंपनीचं बी सिरीज घराणं पहिल्या एमजीएमध्ये पण आहे, तिचं पण १४८९ सीसीच, ७३ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी), ८९ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव). फरक एवढाच की हिला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे) आणि कॉम्प्रेशन जास्त, म्हणून अँबेसिडर पन्नाशीच्या आसपास हॉर्सपॉवर द्यायची तिथं ही सत्तरच्या आसपास देते. सगळेच पार्ट जसेच्या तसे बसतात असं नाही, माप जुळवूनच घ्यावं लागतं, पिस्टन तर इंग्लंडहूनच मागवले (तिकडं ह्या गाडीचे नवे पार्ट आजही बनतात). पण टायमिंगची चेन आणि साइडच्या झाकणांची पॅकिंगं मला अँबेसिडरचीच मिळाली, आणि कुठं मिळाली तर भंगाराच्या ढिगात.

उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझे पाने बाजूला सारले. माझ्याकडं सगळे मिलिमीटरचे. हेडच्या नटाला १४ चा जातच नाही आणि १५ चा घातला की घसरून नटाचे कोपरे खातो. त्यांनी पिशवीतून साडेचार सुताचा गोटी पाना काढला, म्हणजे ९/१६ इंच, काळा पडलेला, दांडा हातानं झिजून गुळगुळीत झालेला, आणि तो नटावर असा बसला की हलवला तर आवाज सुद्धा नाही. नट ढिले करायच्या आधी तीन दिवस रोज संध्याकाळी डिझेल नि ऑइल सोडायला लावलं. घाई करू दिली नाही. स्टड एकही तुटला नाही, इतकी वर्षं पडून राहिलेल्या इंजिनाचा एकही नाही.

बॉडीच्या कामात मात्र मी फसलो. ते काम मी उस्तादांना न विचारता दुसरीकडं दिलं होतं. दारांखालच्या दोन्ही पट्ट्या, म्हणजे सिल, गंजल्या होत्या. आपली मराठवाड्याची हवा कोरडी म्हणून बाकी पत्रा बराच शाबूत होता, पण उंदरांनी तिथं माती भरली होती नि पावसाळ्यात ती ओल धरून ठेवायची. त्या डेंटरनं दोन्ही सिल एकदम कापले, आत आडवा सपोर्ट न देता नि दारं न लावता नवे वेल्ड करून टाकले. घरी आणून दार लावलं तर वरच्या फटीत बोट जातंय आणि खाली कागद पण जाईना, कारण मधनं बॉडी बसली होती. पाच महिन्यांचं काम आणि पैसे गेले. उस्ताद बघून काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी अँगल घेऊन आले. दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाका, दार बिजागरावर लावून फट बघा, एका बाजूचाच सिल कापा, टाके मारा, परत फट बघा, आणि सगळं जुळलं की मगच पूर्ण वेल्ड, असं त्यांनी एका पोराला बाजूला बसवून करून घेतलं. बॉनेट, डिकीचं झाकण आणि दारांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे, त्याला लोखंडासारखा हातोडा चालत नाही, ते पण त्यांनीच सांगितलं. खालची फळी मूळ गाडीतच प्लायवूडची असते, ती आमच्या गल्लीतल्या सुतारानं एका दिवसात करून दिली.

कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीनं मातीची घरं केली होती. ती काढली, आतले बुचाच्या लाकडाचे सील वाळून तडकले होते ते बदलले. रबराचे पाइप पण सगळे नवीन टाकले, इथेनॉलला टिकणारे, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. इथेनॉलबद्दल माझी तक्रार नाही, आपल्याच शेतकऱ्याच्या उसाचं, मक्याचं आहे ते, फक्त जुनी गाडी असणाऱ्यांनी पाइप बदलून घ्यावेत म्हणून लिहिलं. अजून एक गोष्ट, ह्या गाडीला बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. मागं सहा सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा होतात, आणि मी सवयीनं मायनस बॉडीला लावून बसलो होतो, डायनॅमोच उलटा झाला असता. उस्तादांनी पाहिलं म्हणून वाचलं.

२०२४ च्या जानेवारीत, सकाळी, चावी फिरवली. इंजिन चालू व्हायच्या आधी मागून आवाज आला, टक टक टक टक, जोरात, मग हळू हळू सावकाश होत थांबला. तो इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाचा आवाज, कार्बोरेटर भरले की तो आपोआप थांबतो. लहानपणी मामांनी चावी लावली की आम्ही तो आवाज मोजायचो. मामेभाऊ अंबडहून आला होता, तो अंगणातच खाली बसला. उस्तादांनी स्टार्टरची दोरी मला ओढू दिली नाही, म्हणले पहिलं हँडल मार, ऑइल वर येऊ दे. मग ओढली. दोन कार्बोरेटरची सेटिंग व्हायला पुढं तीन रविवार गेले पण त्या दिवशी ती चालली, चाळीस वर्षांनी.

आता माझं म्हणणं ऐका. २०१४ ला अँबेसिडरचा उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला. तेव्हापासून ह्या गाड्या भराभर भंगारात जातायत, आणि त्यांच्याबरोबर ते इंजिन, ते सुताचे पाने, मॅन्युअल, सगळं जातंय. मागच्या महिन्यात एका ट्रकात मी इंजिनाचे एकसारखे चार ब्लॉक बघितले, विचारेपर्यंत आत गेले. त्या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री मराठवाड्यात कितीसे उरले असतील? जालन्यात मला दोनच सापडले, दोघंही सत्तरीच्या पुढचे. भंगार व्यापारी बांधवांना हात जोडून विनंती की जुनं पेट्रोल इंजिन, जुने इंची पाने आले तर एक फोन करा, किलोच्या भावापेक्षा जास्त द्यायला आमच्यासारखी माणसं तयार आहेत. आणि आयटीआयच्या मास्तरांनी पोरांना महिन्यातून एकदा अशा उस्तादांपाशी घेऊन जावं. स्कॅनर लावणं शिकवायला कंपन्या आहेत, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून कानानं टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावणं शिकवणारे पाच दहा वर्षांनी नसतील.

अजून एक, हे तुम्ही ठळक छापा. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ रूपात असली, चेसिस, बॉडी, इंजिन बदललेलं नसलं, तर तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, केंद्राचा २०२१ चा नियम आहे. फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, नंतर परत करायला ५,०००, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला ती चालवता येत नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. मी एका कार्यालयात चौकशीला गेलो तर मला सांगितलं की एवढी जुनी गाडी स्क्रॅपलाच द्यावी लागते, दुसऱ्यांदा गेलो तर म्हणले इंजिन नवीन टाकून आणा. मारुतीचं इंजिन बसवलं असतं तर ही गाडी त्या नियमात बसलीच नसती! शेवटी नियमाची प्रिंट काढून नेली तेव्हा कागद घेतले, काम चालू आहे. मामांच्या ट्रंकेत जुनं आरसी बुक मिळालं म्हणून हे झालं, तेव्हा ज्यांच्या वाड्यात, गोठ्यात, शेतातल्या आखाड्यावर अशी गाडी पडून आहे त्यांनी आधी कागद शोधा, गाडी नंतर.

दर रविवारी सकाळी ९ ते १२ उस्ताद माझ्या शेडमध्ये असतात. तीन पोरं येतात शिकायला, अजून चार पाच आली तरी जागा आहे, फी काही नाही. माझा पत्ता आणि नंबर तुमच्या कार्यालयात देऊन ठेवतो. आणि कुणाकडं सात इंची हेडलाइटची जुनी क्रोमची रिंग पडून असेल तर कळवा, उजव्या बाजूची अजून मिळाली नाही.

आपला,
एक वाचक, जालना