परत फिरायची वेळ घरीच ठरव

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

नोव्हेंबरात तुम्ही तिघी कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात जाणार आणि बाकीच्या दोघींनी वाळवंट कधी पाहिलेलंच नाही, हे परवा फोनवर बोललीस तेव्हापासून तुला सविस्तर लिहायचं होतं. फोनवर मी सांगते आणि तू "हो गं आई" म्हणतेस. कागदावर असलं की मैत्रिणींनाही वाचून दाखवता येईल.

स्प्लिट रॉकचा लूप, म्हणजे फिरून पुन्हा निघाल्या जागी आणणारी वाट, निवडलास हे मला फार आवडलं. फेस रॉककडे जाणारा फाटा धरून तो साधारण चार किलोमीटरचा होतो आणि चढउतार बेताचे आहेत. नेटाने चाललं तर दीड-दोन तासांत होईल. पण तुम्ही थांबणार, फोटो काढणार, खडकांवर चढणार. तेव्हा तीन तास धरूनच आखणी कर. त्या दिवसांत तिथे पावणेपाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि मग गारठा झपाट्याने पडतो. सकाळी नऊपर्यंत चालायला लागलात तर सगळं आरामात होईल. शनिवारी पश्चिमेच्या प्रवेशद्वारावर गाड्यांची रांग लागते. तुम्हाला तसंही ट्वेंटीनाइन पाम्स गावाकडचं उत्तरेचं प्रवेशद्वार जवळ पडेल. गाडीत पेट्रोल आणि पाणी गावातच भरून घ्या. उद्यानाच्या आत पेट्रोलपंप नाही आणि स्प्लिट रॉकला पिण्याचं पाणी मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. गेलो त्याच वाटेने परत यायचं असलं की येतानाचा प्रत्येक चढ ओळखीचा असतो, किती राहिलं ते कळतं. लूपमध्ये शेवटपर्यंत वाट नवीच. दमलेल्या माणसाला वाटतं, आता थोडंच राहिलं असणार, पुढेच जाऊ. पुष्कळदा त्या क्षणी मागे फिरणंच जवळचं असतं, पण लूप पुरा करायची ओढ फिरू देत नाही. म्हणून निघायच्या आदल्या रात्री नकाशावर लूपचा मध्य शोध आणि तिथे पोहोचायची वेळ लिहून ठेव. तोपर्यंत पोहोचला नाहीत, किंवा मध्याच्या आधीच कुणाचं अर्धं पाणी संपलं, तर आल्या वाटेने परत. कुणाला डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तरी हेच, आणि आधी सावलीत बसायचं. हे तिघींनी गाडीत बसण्यापूर्वी मान्य करा. ऊन डोक्यावर आल्यावर वाद घालायला कुणाला त्राण नसतं, आणि जिला सगळ्यात जास्त त्रास होतोय तीच बहुधा गप्प असते.

पाण्याबद्दल मी हट्टी आहे हे तुला माहीत आहे. उद्यानाचं सांगणं आहे की माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी हवं. त्यातलं दोन लिटर प्रत्येकीच्या पाठीवर, उरलेलं गाडीत. तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम आला तरी अंगावर राहत नाही, लगेच उडून जातो. कपडे ओले होत नाहीत म्हणून वाटतं, आपल्याला घामच येत नाहीये. तहानेची वाट पाहू नका, थोड्या थोड्या वेळाने घोट घेत राहा. आणि नुसतं पाणी ढोसून पोट भरू नका. बरोबर खारे दाणे, काहीतरी खारट असू दे. घामातून मीठ जातं आणि वर नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, त्यानेही मळमळतं, डोकं दुखतं.

उंची चार हजार फुटांच्या वर आहे. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे हवा गार वाटली तरी कातडी भाजते. पूर्ण बाह्यांचा सैलसर सुती शर्ट, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन. वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट हवंच, सकाळी लागेल.

वाट चुकायची भीती कुठे आहे सांगते. पावसाच्या पाण्याने केलेली कोरडी वाळूची पात्रं तिथे जागोजाग वाटेला येऊन मिळतात आणि ती हुबेहूब वाटेसारखीच दिसतात, कधीकधी वाटेपेक्षाही रुंद. पुढची खूण दिसली नाही की थांबा, शेवटची दिसलेली खूण आठवा आणि तिथपर्यंत मागे या. अंदाजाने आडवं तिडवं जाऊ नका. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घे आणि एक कागदी प्रत खिशात ठेव, कारण आत बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते.

ते खडक मात्र डोळे भरून बघ. दहा कोटी वर्षांहून आधी जमिनीखाली खोल तापलेला रस थिजून झालेला हा मॉन्झोग्रॅनाइट. त्याच्या भेगांमधून पाणी झिरपत गेलं, कोपरे झिजले, वरची माती वाहून गेली आणि या गोल शिळांच्या राशी उघड्या पडल्या. पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे बूट छान धरतो आणि माणूस सहज वर जातो. उतरताना पाऊल कुठे ठेवायचं ते दिसत नाही. जिथून उतरता येईल याची खात्री आहे तेवढंच चढा. हात घालण्याआधी कपारीत बघा. रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी खुळखुळवणारे विषारी साप, तिथले रहिवासी आहेत.

चोया नावाच्या निवडुंगाच्या काट्यांसाठी एक कंगवा घे. काटेरी गोळा कपड्याला किंवा पायाला चिकटला तर बोटांनी काढू नका, कंगवा खाली सरकवून उडवायचा. आणि वाट सोडून त्या मातीवर पाय देऊ नका. वरची काळपट, खडबडीत दिसणारी साय जिवंत असते, एका पावलाने मोडते आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

कुणी फारच दमलं तर स्प्लिट रॉक सोडून हिडन व्हॅलीचा लूप करा. दीड किलोमीटरपेक्षा थोडाच जास्त आहे आणि तितकाच सुंदर.

निघताना मला तीन गोष्टी पाठव: गाडीचा नंबर, कुठला लूप, आणि रेंजमध्ये परत यायची वेळ. तू चार वाजता म्हणालीस तर मी सहापर्यंत थांबेन आणि मग थेट उद्यानाच्या आपत्कालीन नंबरावर फोन लावेन. बेत बदलला, दुसऱ्याच वाटेला गेलात, तर रेंज सुटण्याआधी तेही कळव, नाहीतर शोधणारे भलत्याच जागी शोधत बसतील.

मैत्रिणींना माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
आई