रेवासाठी नर निवडताना

डिचोली, गोवा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या रेवा घोडीला पुन्हा शर्यतीच्याच जातीचा नर का नको, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. पण त्याचे उत्तर फोनवर घाईघाईने देण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते. रेवा जातिवंत थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची आहे. वेग, दम आणि माघार न घेणारे काळीज हे सारे तिच्यापाशी आहे. मात्र तिचे शिंगरू आपल्याला शर्यतीत उतरवायचे नसून ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यांवर डौलदार, नेमक्या चाली करण्याचा खेळ) आणि जंपिंगसाठी (अडथळ्यांवरून उड्या) तयार करायचे आहे. रेवा जमिनीलगत लांब टांगा टाकत धावते. या खेळांत घोड्याला मागचे पाय पोटाखाली घेऊन पुढचे अंग उचलावे लागते आणि तिथे ती कमी पडते. तिची पाठही जरा लांब आहे, आणि खुराची भिंत इतकी पातळ की पावसाळ्यात खूर भिजले की नालेचे खिळे सैल होतात. नरही त्याच घडणीचा निवडला, तर हे दोष शिंगरात पक्के होतील.

याचा अर्थ मिळेल तो अजस्र वॉर्मब्लड, म्हणजे युरोपातल्या भक्कम बांध्याच्या खेळाच्या जातींचा, नर आणावा असाही नाही. दुधात पाणी मिसळावे तसे आईबापांचे गुण सारखे मिसळत नाहीत. बापाचे जड धड आणि आईच्या बारीक नळ्या असे शिंगरू जन्मले, तर ते पाय आयुष्यभर दुखत राहतील. १९६१ साली जन्मलेल्या लेडीकिलर या थरोब्रेड नराने आणि त्याच्या लॉर्ड व लांडग्राफ या मुलांनी जर्मनीतल्या होलस्टाईनमधल्या जंपिंगच्या घोड्यांना नवे वळण दिले, हे खरे. पण तिथे हलकेपणा बापाने आणला आणि हाडापेराने भक्कम माद्या आधीपासून होत्या. आपल्याकडे हलकेपणा आईचा आहे, म्हणून भक्कमपणा बापाकडूनच यायला हवा.

पुण्याजवळच्या एका फार्मवर मी दोन वॉर्मब्लड जातींचे नर पाहिले. ट्राकेनर दिसायला फार देखणा, आणि मनातून मला तोच भावला. परंतु त्या जातीत थरोब्रेड आणि अरबी रक्त मुळातच बरेच असल्याने तो रेवाच्याच वळणाचा आहे. दुसरा हॅनोव्हेरियन, सोळा हँडांहून (एक हँड म्हणजे चार इंच) किंचित उंच, आखूड पाठीचा, रुंद पुठ्ठ्याचा आणि स्वभावाने शांत. त्याची बक्षिसे मी विचारली, पण त्याहून महत्त्वाची मला त्याची थरोब्रेड घोडीपासून झालेली मुलगी वाटली. फाटकापाशी एकदम वळताना त्या शिंगरीने दोन्ही मागचे पाय अंगाखाली ओढून घेतले आणि खांदा सहज उचलला. रेवात जे नाही, ते मला तिच्यात दिसले.

आई, तू आजारांचे विचारले होतेस. वॉर्मब्लड घोड्यांत एक आनुवंशिक विकार असतो, ज्यात शिंगराची कातडी फाटते आणि ते जगत नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तरच दर खेपेला चारात एक इतका हा धोका असतो. थरोब्रेडांमध्येही क्वचित वाहक सापडतात, म्हणून दोघांचेही केस मुळासकट तपासणीला पाठवणार आहे. नराच्या सांध्यांचे एक्स-रे आमचे डॉक्टर स्वतः पाहतील.

गोठवलेले वीर्य मागवले, तर बीज सुटण्याची वेळ नेमकी साधण्यासाठी रात्रंदिवस सोनोग्राफी करावी लागते, आणि ती सोय इथे नाही. म्हणून फेब्रुवारीत माज येताच रेवाला पुण्याजवळच्या त्या फार्मवरच न्यावे असे मला वाटते. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते. तेव्हा शिंगरू जानेवारीच्या सुमारास होईल आणि जूनचा चिखल होण्याआधी त्याला काही महिने कोरड्या, घट्ट जमिनीवर पळायला मिळेल.

शिंगरू जिवंत जन्मून उभे राहिले नाही, तर पुढच्या हंगामात त्याच फीमध्ये पुन्हा संधी मिळावी, अशी अट करारात लेखी घालून घेते आहे. बाबा, मसुदा सोबत जोडला आहे. सही करण्यापूर्वी तो तुमच्या नजरेखालून जावा, ही विनंती.

तुमची,
माधवी