‘आजचे खेळ’ पुन्हा छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतली मराठी चित्रपटांची परीक्षणे मी आवर्जून वाचते. चित्रपट चांगला असेल तर शेवटी ‘चित्रपटगृहात जाऊनच पाहावा’ असे लिहिलेले असते. जायचे कुठे आणि किती वाजता, हे मात्र अंकात कुठेच सापडत नाही. जाहिरात बघावी तर ‘आजपासून आपल्या जवळच्या चित्रपटगृहात’ एवढ्यावर ती संपते. पूर्वी आतल्या पानावर चित्रपटगृहांची नावे आणि खेळांच्या वेळा यायच्या. ते सदर पुन्हा सुरू करावे, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी चित्रपटांची अभ्यासक वगैरे नाही. दीड-दोन महिन्यांतून एखादा मराठी चित्रपट घरच्यांसोबत बघावा, एवढीच हौस. पण चित्रपट चालतो तो माझ्यासारख्यांमुळेच, असे मला ठामपणे वाटते. पहिल्या दिवशी पहिला खेळ बघणारे मूठभर असतात. बाकीचे आम्ही कुणीतरी ‘बघ गं, छान आहे’ म्हटल्यावर निघतो. 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा हेच झाले. भिशीतल्या, सोसायटीतल्या बायका एकमेकींना सांगत गेल्या, आणि दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्या आठवड्यापेक्षा जास्त झाली. त्या चित्रपटाला दुसरा आठवडा मिळाला म्हणून हे शक्य झाले. बहुतेक मराठी चित्रपटांच्या नशिबी तो नसतो. रविवारी परीक्षण वाचावे, पुढचा शनिवार ठरवावा, तर शुक्रवारीच चित्रपट उतरलेला असतो किंवा सकाळी सव्वानऊ आणि रात्री पावणेअकरा अशा दोन खेळांवर आलेला असतो. सकाळी सव्वानऊला डोंबिवलीतली नोकरदार बाई लोकलमध्ये उभी असते. आणि रात्री एक-दीडला म्हाताऱ्या माणसांना घेऊन रिक्षा शोधत उभे राहणे कुणालाच परवडत नाही.

सरकारने 2015 मध्ये मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी चित्रपट दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत दाखवायला सांगितले. तेव्हा फार बरे वाटले होते. पण मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा खेळही त्या नियमात बसतो. नियम पाळला जातो आणि खुर्च्या रिकाम्या राहतात. मग ‘मराठीला प्रेक्षकच नाही’ म्हणायला सगळे मोकळे. प्रेक्षक आहे हो. त्याला वेळ कळलेली नसते.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सासूबाईंना एक कौटुंबिक मराठी चित्रपट बघायचा होता. मोबाइलवर शनिवारी संध्याकाळी साडेसहाचा खेळ दिसला, चार तिकिटे काढली. तिथे पोहोचलो तर दारावरचा मुलगा म्हणाला, “खेळ कॅन्सल झालाय मॅडम, सहाच तिकिटं गेली होती. मेसेज आला नाही का?” मेसेज आला, आम्ही परतीच्या रिक्षात बसल्यावर. तिकिटाचे पैसे आठवड्याने जमा झाले, वरचे शुल्क गेले ते गेलेच. त्या साडेसहाच्या जागी त्या आठवड्यातल्या मोठ्या हिंदी चित्रपटाचा जादा खेळ लावलेला होता. धंदा त्यांनी करावा, त्याला माझी ना नाही. पण जाहीर केलेला खेळ, तिकिटे विकल्यावर, प्रेक्षक दारात आल्यावर रद्द करायचा? नाटकवाले असे करत नाहीत. आमच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात दुपारी चारचा प्रयोग असेल तर तसे आठवडाभर आधी पेपरात छापून येते आणि चारला तिसरी घंटा होते. सासूबाई आजही नाटकांच्या जाहिराती कात्रीने कापून फ्रिजवर लावतात आणि त्यावरून आमचे रविवार ठरतात. चित्रपटाचे तसे कात्रण त्यांना कुठून द्यायचे?

मोबाइलवर सगळे मिळते, असे कुणी म्हणेल. मिळते, पण बुधवारी रात्री बघावे तर शुक्रवारच्या वेळा आलेल्या नसतात. शुक्रवारी बघावे तर शनिवारच्या बदललेल्या असतात. शिवाय ज्यांना ते ॲप चालवता येत नाही, ती सत्तरीतली माणसे मराठी चित्रपटाची सर्वांत निष्ठावान प्रेक्षक आहेत. बारा, तीन, सहा, नऊ या वेळा त्यांना पाठ होत्या. चित्रपट कुठे लागलाय एवढे कळले की पुरे, घड्याळ बघून ती निघायची. घरोघरी हल्ली एक वाक्य ऐकू येते, ‘जाऊ दे, ओटीटीवर येईल की’. मला त्याचे फार वाईट वाटते. भरलेल्या चित्रपटगृहात शंभर माणसे एकदम हसतात तेव्हा साधा विनोदही खुलतो. घरी सोफ्यावर त्याच प्रसंगाला कुकरची शिट्टी होते आणि कुणीतरी उठून जाते.

निर्मात्यांनाही सांगायचे आहे. एकाच शुक्रवारी तीन-तीन मराठी चित्रपट लावू नका. आम्ही एकच बघणार, उरलेले दोन पडणार. कलाकार प्रसिद्धीसाठी कॉलेजांत नाचतात, मालिकांत पाहुणे म्हणून येतात, त्यावर पैसा जातोच ना? मग जाहिरातीत गावोगावच्या चित्रपटगृहांची नावे आणि वेळा छापायला काय हरकत आहे?

आपल्याकडून अपेक्षा फार नाही. शुक्रवारच्या अंकात पाव पान द्या. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई आणि वसई-विरार एवढ्या भागांत कोणता मराठी चित्रपट कुठे आणि किती वाजता, एवढेच असू द्या. ज्या चित्रपटगृहांनी त्या वेळा रविवारपर्यंत न बदलण्याची हमी दिली असेल, त्यांचीच नावे छापा. नाव छापून यावे म्हणून तरी काही जण शब्द पाळतील. आणि रविवारच्या परीक्षणाखाली, तो चित्रपट पुढच्या शनिवार-रविवारी कुठे सुरू असणार आहे, ती एक ओळ तेवढी टाका.

आपली नियमित वाचक,
एक प्रेक्षक, डोंबिवली (पूर्व)