बॅटरी घेताना तारीख कोण बघतंय?

मा. संपादक,
स.न.

गेल्या महिन्यात पहाटे ४ वाजता भाजी भरून गोव्याला निघायचं म्हणून ओमनीला चावी मारली तर नुसतं कट्कट्, आणि बॅटरी घेऊन धड ८ महिने झाले नव्हते. चोर्ला घाटात हे झालं नाही ते नशीब. बॅटरीवरचा तो चार्ज दाखवणारा गोल डोळा बघितला तर हिरवागार, म्हणजे सगळं ओके! अनगोळातल्या इलेक्ट्रिशियननं मीटर लावला, साडेदहा व्होल्ट. म्हणाला, मामा एक सेल गेलाय, आत ६ सेल असतात आणि एकेक २ व्होल्टच्या जरा वरचा, हा डोळा त्यातल्या एकाच सेलमध्ये बसवलेला असतोय, बाकी पाचांचं त्याला काय कळणार.

मग त्यानं कडेचा, बॅटरी कधी तयार झाली ते सांगणारा कोड वाचून दाखवला. मी घ्यायच्या आधी बॅटरी १४ महिने पडून होती! भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी उतरत जाते, प्लेटांवर सल्फेट धरतं, ते एकदा घट्ट बसलं की चार्जिंगला लावून पण पूर्वीची ताकद येत नाही. दुकानदाराकडे गेलो तर म्हणतोय आधी आल्टरनेटर (गाडी चालताना बॅटरी चार्ज करतो तो) चेक करून या, आणि वॉरंटी कार्डावर शिक्का कुठाय. शिक्का मारायचं काम कुणाचं होतं हो?

मी उद्यमबागेत फौंड्रीत काम केलेला माणूस, बॅटरीच्या प्लेटांसाठी शिशाची जाळी ओतणं काय असतं ते समजतंय. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, आमच्या भट्टीपुढं ते म्हणजे दूध तापवल्यासारखं. पण जाळी पातळ, त्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापून वाळवायचा, मध्ये प्लेटा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून सेपरेटर घालायचा, मग ॲसिड भरून पहिलं चार्जिंग, यात कुठं घाई केली तर लगदा लवकर गळतो, आणि बाहेरून बघून बापजन्मात कळणार नाही.

चहाच्या गाड्यावर मात्र आमची भांडणं ब्रँडवरून. एक्साइड चांगली की एसएफ सोनिक असा वाद तासभर चालला, दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत हे कुणाला पत्ता नाही. वॉरंटीचे महिने मोठ्या अक्षरात असतात, त्यातले फुकट बदलून मिळायचे किती आणि प्रो-राटा म्हणजे सूट देऊन नवी गळ्यात मारायचे किती, ते बारीक अक्षरात. सीसीएचा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला बॅटरी किती करंट देते त्याचा आकडा तर उणे १८ डिग्रीला काढतात, आपल्या बेळगावची थंडी झाली तरी एवढी नाही, इथं उन्हाळ्यात बॉनेटखालच्या उष्णतेनं बॅटरी मरते. तरी दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून बघायला तो आकडा कामाचा आहे, एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते तो आकडा) सारखा असला तर सीसीए बघा.

बिलावर बॅटरी तयार झाल्याची तारीख लिहून द्यावी आणि गिऱ्हाइकासमोर लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून ती किती तग धरते ते बघायची चाचणी, करावी, एवढं तरी आपल्या भागातल्या दुकानदारांनी करावं. टेस्टर त्यांच्याकडं असतोच, माझी बॅटरी परत घेताना लगेच बाहेर काढला होता.

– एक वाचक, अनगोळ, बेळगाव