अ‍ॅप काढून टाकायला सांगण्याआधी घड्याळ पाहा

संपादक महोदय,

माझा भाचा क्रूझ जहाजावर नोकरीला आहे. गणेश चवथीला सुट्टी मिळून तो आमच्याकडे डिचोलीला आला. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, आरती झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पुन्हा रुजू होण्याची तारीख कळवायची होती. पासवर्ड बरोबर. त्यापुढे फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दिसणारा सहा आकडी कोड घालायचा. घातला, तर ‘कोड चुकीचा आहे’. पाच वेळा तेच, मग खाते अर्ध्या तासासाठी बंद.

मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पुढचे-मागचे काहीही न विचारता सांगितले, ‘अ‍ॅप काढून टाका आणि नव्याने घाला.’ त्याने दोन मिनिटांत तसे केले. अ‍ॅप परत आले, पण कोरे. त्यातली सगळी खाती गेली: कंपनीचे, ईमेलचे, आणखी दोन.

हे असे का होते ते आता मला समजले आहे. आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. खाते जोडताना आपण जो चौकोनी क्यूआर कोड फोनला दाखवतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. तिची एक प्रत आपल्या फोनमध्ये राहते, दुसरी कंपनीच्या सर्व्हरवर. दोघेही ती किल्ली आणि त्या क्षणाची वेळ एकत्र करून गणित मांडतात आणि दर 30 सेकंदांनी सहा आकडे काढतात. फोन आणि सर्व्हर एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून तर रेंज नसतानाही कोड दिसतो. भर समुद्रात असलेल्या तारवट्याला, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्याला, एसेमेस येत नाही आणि पावसात सत्तरीच्या आतल्या गावांत रेंज जाते, तेव्हा हीच सोय उपयोगी पडते. त्यामुळे माझी तक्रार अ‍ॅपविरुद्ध नाही. पण ती किल्ली अ‍ॅपसोबत पुसली गेली आणि तिची प्रत कुठे ठेवलेली नसली, की अ‍ॅप कितीही वेळा घाला, किल्ली परत येत नाही. गूगल ऑथेंटिकेटर या भाच्याच्या अ‍ॅपमध्ये 2023पासून किल्ल्या आपल्या गूगल खात्यात साठवायची सोय आहे, पण त्यासाठी अ‍ॅपमध्ये खात्याने प्रवेश केलेला असावा लागतो. भाच्याने केलेला नव्हता.

मग मुळात कोड चुकत का होता? शेजारची मुलगी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते, ती प्रसाद घेऊन आली होती. तिने फोन हातात घेतला, भिंतीकडे पाहिले आणि मला विचारले, ‘सर, तुमचे घड्याळ पुढे आहे काय?’

आहे. दहा मिनिटे. सकाळची साखळीची बस चुकू नये म्हणून मी नोकरीत असताना ते पुढे केले होते. निवृत्त होऊन आठ वर्षे झाली तरी ते तसेच आहे, कारण आता बायकोला त्याचीच सवय आहे. जहाजावर फोन किनाऱ्यावरच्या टॉवरची वेळ पकडतो आणि ड्युटी चुकते, म्हणून भाच्याने आपोआप वेळ घेण्याची सोय बंद केली होती. जहाजाच्या आतल्या नेटवर्कवर कोड घालावा लागत नसल्याने तिथे काही बिघडले नाही. घरी आल्यावर त्याने आमच्या भिंतीवर बघून हाताने वेळ लावली. सर्व्हर अर्ध्या-एक मिनिटाचा फरक सांभाळून घेतो, दहा मिनिटांचा नाही. चाळीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाच्या घरात हे घडावे!

इथे एक गैरसमज काढायला हवा. फोनवर पणजीची वेळ आहे की लिस्बनची, याने कोड बदलत नाही. आतली मोजणी 1 जानेवारी 1970च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांची असते, ती जगभर एकच. टाइम झोन खुशाल बदलावा, पण काटे हाताने सरकवू नयेत. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘तारीख आणि वेळ’ इथे जाऊन आपोआप वेळ चालू केली की बहुतेक वेळा काम होते. अ‍ॅप काढायची वेळच येत नाही. कधी अ‍ॅपमध्ये एकाच नावाच्या दोन नोंदी असतात, आणि जुनी नोंद आकडे दाखवत राहते पण ती मेलेली असते. तेही आधी पाहावे.

भाच्याला पासपोर्ट आणि इतर कागद पाठवून खाते परत उघडायला नऊ दिवस लागले. तोवर रुजू होण्याची तारीख गेली आणि त्याला पुढच्या जहाजाची वाट पाहावी लागली. नऊ दिवसांत आमच्या घरी कोणाचेच जेवणात लक्ष नव्हते.

खाते जोडताना अनेक सेवा राखीव कोडही देतात. गूगल आठ आकडी दहा देते, प्रत्येक एकदाच चालतो. ते ‘नंतर पाहू’ म्हणून आपण बंद करतो. मी माझे कागदावर उतरवून कपाटात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यांसोबत ठेवले आहेत. फोन विकण्याआधी किंवा बदलण्याआधी खाती नव्या फोनवर हलवावीत, हेही त्या मुलीनेच सांगितले.

माझी मागणी अशी की, अशा अ‍ॅपची सक्ती करणाऱ्या कंपन्या, बँका आणि सरकारी खात्यांनी ‘कोड चुकीचा आहे’ याच्या खाली ‘फोनची वेळ तपासा’ एवढी एक ओळ मराठीत आणि कोंकणीत द्यावी. आणि मदतकेंद्रावरच्या माणसांनी अ‍ॅप काढायला सांगण्याआधी ‘किल्लीची प्रत आहे का, राखीव कोड आहेत का’ हे विचारावे. त्या बाईंना दोष देत नाही, त्यांच्यासमोरच्या कागदावर तेच लिहिलेले असणार. तो कागद बदलायला हवा.

— एक निवृत्त शिक्षक, डिचोली