उलट्या थांबल्या त्या दिवशी

प्रिय सिस्टर,

मी तुम्हाला आठवत असेनच असं नाही. तपासणीच्या बाकावर त्या सकाळी बऱ्याच जणी होत्या; फाइल छातीशी धरून रडवेली बसलेली होती ती मी. गरोदरपणाचा चौदावा आठवडा नुकताच लागला होता आणि माझ्या उलट्या एकाएकी थांबल्या होत्या. दीड महिना ज्यांच्या नावानं बोटं मोडली त्या गेल्या, तर सुटल्यासारखं वाटायचं सोडून मला धडकीच भरली. काही होत नाही म्हणजे आत काही उरलं नाही, असा माझा हिशोब.

बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळता गुंडाळता तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. रक्त जातंय का? पोटात कळा येतात का? दोन्हीला नाही म्हटल्यावर माझ्याच जुन्या रिपोर्टच्या पाठीवर तुम्ही एक वेडंवाकडं चित्र काढलंत. ही गर्भपिशवी, ही वार, म्हणजे प्लासेंटा. सुरुवातीला गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन अंडाशयातून येतं; बाराव्या आठवड्यापर्यंत ते काम वार आपल्याकडे घेते. मळमळीशी ज्याचा संबंध जोडतात ते एचसीजी हे गरोदरपणातलं हार्मोन साधारण आठ ते अकरा आठवड्यांच्या दरम्यान सगळ्यात वर जातं आणि मग उतरायला लागतं. "म्हणजे तुमचं चुकलेलं काही नाही, कारभार बदललाय," असं म्हणालात. मग डॉपलर यंत्रावर बाळाचे ठोके ऐकवलेत, पण त्याआधीच माझा जीव भांड्यात पडला होता.

खरे आभार मानायचे आहेत ते निघताना दारात म्हणालात त्या वाक्याचे. "आता चार-सहा आठवडे तुम्हाला आतून काही निरोप येणार नाही. मळमळ गेली, हालचाल अजून कळायची नाही. हे दिवस जड जातात, आधीच सांगून ठेवते."

दुसरी तिमाही म्हणजे सुखाचे दिवस, हे मला भेटेल तो सांगत होता. खोटंही नव्हतं ते. भूक परतली, दुपारी उभ्या उभ्या झोप यायची ती थांबली, पायऱ्या चढताना माणसात आल्यासारखं वाटू लागलं. पण ही मधली शांतता कुणी सांगितली नव्हती. पोट नीट दिसत नाही, बाळ फिरल्याचं कळत नाही, आजारीही वाटत नाही. आपण खरंच गरोदर आहोत ना, असं रात्री दोन वाजता वाटायचं. तेव्हा तुमचं ते "निरोप येणार नाही" आठवून मी कूस बदलायची.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी तर किती! दात घासताना हिरड्यांतून रक्त, सर्दी नसताना चोंदलेलं नाक, बेंबीपासून खाली उतरणारी काळसर रेघ. प्रत्येक वेळी मी घाबरून यायची आणि तुम्ही भुवईसुद्धा वर न करता कारण सांगायचात. गोळ्या नेमानं घेऊनही हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा मला अपराधी वाटलं होतं. रक्त जवळपास दीडपट होतं, पण त्यातला पातळ भाग लाल पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून आकडा खाली येतो, हे कळल्यावर तो अपराध उतरला. "म्हणून गोळी बंद नाही करायची," हेही लगेच ऐकवलंत. आणि शिंकताना जांघेत येणारी ती सुरी फिरवल्यासारखी कळ! गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले जातात त्याची ती. शिंक आली की कमरेत वाकून गुडघे पोटाकडे घ्या, ही तुमची युक्ती मी भर मीटिंगमध्ये वापरली आहे. सगळे बघत राहिले.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीबद्दलही तुम्ही आधी बजावलं होतं. तिथे कुणी बोलणार नाही. मेंदू, हृदयाचे कप्पे, मणका, मूत्रपिंडं, सगळं मोजत असतात, त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसू नका. त्या खोलीत बराच वेळ खरोखरच कुणी चकार शब्द काढला नाही. आधी ठाऊक नसतं तर मी टेबलावरच रडले असते. रिपोर्टात वार पुढच्या भिंतीला असल्याचं वाचून तुम्ही हसलात. "मधे गादी आहे, लाथ उशिरा कळेल." अठरा उलटले, वीस उलटले, जो तो "फिरतंय का?" विचारत होता. मला एकविसाव्या आठवड्यात कळलं. डोळ्याची पापणी आपोआप फडफडते ना, तसं, पण बेंबीच्या खाली. दोनदाच. मग दोन दिवस काही नाही.

प्रत्येक गोष्टीला तुम्ही "होतं असं" म्हणाला असतात, तर माझा तुमच्यावर इतका विश्वास बसला नसता. चोविसाव्या आठवड्यात कपडे ओले झाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुमचा आवाज बदलला. "पाणी गेल्यासारखं वाटतंय, तर फोनवर बोलत बसू नका, निघा." तपासल्यावर पाणी गेलेलं नव्हतं. उगाच धावपळ केली म्हणून मी ओशाळले, तर तुम्ही मलाच दटावलंत, पुढच्या वेळीही असंच यायचं म्हणून. त्याच दिवशी त्या चित्राच्या खाली तुम्ही पेननं लिहून दिलंत: रक्तस्राव, पाणी जाणं, थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर अचानक सूज. यातलं काहीही झालं तर वाट पाहायची नाही. शेवटच्या तिन्ही गोष्टी बीपी वाढल्याची खूण असू शकतात; विसाव्या आठवड्यानंतर बीपीची तपासणी का चुकवू देत नाही, तेही तेव्हाच समजलं.

तो कागद अजून फाइलच्या पहिल्या कप्प्यात आहे. घड्यांवर फाटायला आलाय, म्हणून चिकटपट्टी लावली आहे. गेल्या आठवड्यात बाकावर शेजारी एक मुलगी बसली होती, तेरावा आठवडा, उलट्या कमी झाल्या म्हणून कावरीबावरी. तिला तो दाखवला. तुमचं चित्र तिला कळेना, मग मी नवीन काढून दिलं. तेही वेडंवाकडंच आलं.

मला आता अठ्ठाविसावा लागलाय. साखरेची तपासणी ठीक आली. बाळ रात्री अकराला हमखास जागं होतं. आणि तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते: लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेत नाही.

तुमची,
रडवेली, फाइलवाली